मागची सीट दाखवा

नको नको, बॉनेट उघडू नका — इंजिन चांगलंच असणार, तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच — मला पुढचं काही दाखवू नका, मागची सीट दाखवा. हो, मागची. हसताय कशाला? स्पोर्ट्स गाडी घ्यायला आलेली बाई आणि विचारते काय, तर मागची सीट! तुमचंही बरोबर आहे म्हणा. पण मी सगळं ठरवून आलेय. दोन दारांची हवी, जुनी चालेल, रोज चालवायची आहे, आणि मागे माणूस बसणार आहे — रोज, जाताना आणि येताना. लहान मूल नाही हो, चांगली भरल्या अंगाची बाई आहे. चार दारांची? आता तुम्हीही सुरू झालात! आमचे हे तेच म्हणाले, शेजारीण तेच म्हणाली. त्या बाजूला हातसुद्धा करू नका, मी मान वळवून बघणार नाहीये तिकडे.

तर ही रुपेरी आणि ती निळी. दोन्ही दिसायला फक्कड आहेत, त्यात वाद नाही. आधी रुपेरीचं सांगा. काय म्हणालात, स्प्रिंगा कडक? म्हणजे गतिरोधकावरून गेलं की मागे दणका बसतो? कुठे बसतो — कमरेला, की मानेपर्यंत जातो? अहो, असा आवाज खाली करून सांगू नका, दोष सांगितल्यासारखा, मला कळायलाच हवं ते. बरं. आणि निळीचं? निळीचं छत मागे उतरत गेलंय, ते मी मघाशीच हेरलं. थांबा, पर्स धरा जरा, बसूनच बघते. ही सीट पुढे अशी दुमडायची ना — आणि आता इथून — पाय आधी घालायचा की डोकं? — अगं बाई गं! बसले एकदाची. गुडघे छातीशी आले माझे. आणि डोकं? टेकलं बघा छताला! मी ही एवढीशी, बुटकी म्हणून ओळखतात मला, तर मला टेकलं. ती माझ्याहून वीतभर उंच आहे. वा. म्हणजे मान वाकडी करूनच बसावं लागणार. छान आहे हो निळी. हात द्या, बाहेर ओढा.

कोण म्हणजे? माझी जाऊ. थोरली. जिन्यावरून पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता डॉक्टर म्हणतात रोज व्यायामाला आणा, एक दिवस चुकवायचा नाही, नाहीतर गुडघा आखडून बसेल. मोठे दीर आता नाहीत, मुलगा परदेशात बसून फोनवर हात जोडल्याची चित्रं पाठवतो — ‘काकू, आईला सांभाळ’. काकू आहेच सांभाळायला! घरात आता गाडी चालवणारं कोण, तर मी एकटी. आमच्या ह्यांना अजून पुढचा गियर आणि मागचा गियर यात फरक कळत नाही. तर हे म्हणाले, वहिनींना रोज न्यायचं-आणायचं तू बघ, त्यासाठी तुला हवी ती गाडी घे, मी मधे तोंड घालणार नाही. मी लगेच हो म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की ह्यांना भरून आलं. म्हणाले, तुझ्यासारखं मन मोठं लागतं. आहेच मुळी माझं मन मोठं. सगळं मावतं त्यात, इतक्या वर्षांतलं सगळं — एकही गोष्ट सांडलेली नाही.

पुढे का नाही बसवायचं? पुढे माझी पर्स बसणार.

हसलात ना? मीपण हसायचे. पहिल्या पहिल्यांदा. वहिनींची होती ना दोन दारांची, लाल रंगाची, काय तो तोरा! सगळ्या नात्यात त्या एकट्याच गाडी चालवायच्या तेव्हा. काळा चष्मा लावायचा, काच खाली, कोपर बाहेर. आणि शेजारच्या सीटवर पर्स. मी मागे. बाजाराच्या पिशव्या, धोब्याचे कपडे, गॅसचा रिकामा सिलिंडर आणि मी. एकदा मी म्हटलं, वहिनी, पुढे बसू का, पाठ भरून येते — तर म्हणाल्या, ‘अगं, पर्स मागे टाकली की तिचा आकार जातो.’ पर्सचा आकार! भाऊ, देवाशप्पथ सांगते, असंच म्हणाल्या. आणि माहेरची माणसं आली होती माझी, त्यांच्यासमोर — ‘आमची धाकटी काय, कुठेही मावते.’ सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली, बिचारी, काय करणार, लेकीच्या सासरी आलेली. घरी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, तू गाडी शिकून घे. एवढंच म्हणाली.

नाही, हे तुम्हाला सांगायचं कारण नाही. आपण गाडीचं बोलू. मायलेज काय देते? असू दे. ट्रॅफिकमधे तापते का? तापली तर आत गरम होत असेल ना — मागे एसी पोचत नसेल. नाही पोचत? खरं सांगितलंत, बरं वाटलं. आणि मागची काच? उघडतच नाही, अजिबात? दोन्हींची? म्हणजे लालसारखंच. तिची पण नव्हती उघडत.

तुम्ही विचारणार नाही मला माहितीये, पण मनात आलंय तुमच्या, दिसतंय तोंडावर. एवढा राग पर्सवरून? नाही हो. पर्सवरून कोण एवढं धरून बसतं. आई दवाखान्यात होती माझी. सकाळी भावाचा फोन आला, ये म्हणून, लवकर ये, तुझं नाव घेतेय. हे गावाला गेलेले. वहिनी म्हणाल्या, चल, मी सोडते. मला इतकं बरं वाटलं — त्या वेळी त्यांच्याबद्दल जे काय मनात होतं ते सगळं पुसून टाकलं मी, खरंच सांगते. मागे बसले. आणि वाटेत चपलांच्या दुकानापाशी गाडी थांबली. म्हणाल्या, सँडल एक नंबर मोठ्या आल्यात, बदलून घेते, आलेच पाच मिनिटांत. आणि उतरून बाहेरून गाडीला कुलूप लावून गेल्या. उतरून टॅक्सी का नाही केली? सगळ्यांना सुचतं ते. आतून दार उघडलं की भोंगा वाजायचा त्या गाडीचा. एकदा वाजला होता माझ्या हातून, तर पुढचे आठ दिवस जेवताना-खाताना तेच ऐकलं होतं मी, चारचौघांत. म्हणून बसून राहिले. येतीलच आता, येतीलच आता. काचेतून दिसत होत्या हो मला — आरशासमोर उभ्या, एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे, दुकानदार आणखी खोकी काढतोय. मी काच वाजवली. त्यांनी वळून बघितलं आणि हाताने खूण केली, थांब जरा. आल्या तेव्हा दोन खोकी घेऊन आल्या, आणि ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या मांडीवर ठेवली. ती खोकी मांडीवर असतानाच भावाचा फोन आला. गेली म्हणाला. तुझी वाट बघत होती म्हणाला.

आणि वहिनी काय म्हणाल्या, सांगू? ‘सुटल्या बिचाऱ्या.’ गाडी चालवता चालवता.

कधी माफी मागितली का? अहो, आठवत असेल तर माफी! परवा कोणीतरी भेटायला आलं होतं त्यांना, गप्पा चालल्या होत्या, तर म्हणतात कशा, ‘कोपऱ्यावर ते चपलांचं दुकान होतं बघ, बंद झालं, काय सुंदर सँडल मिळायच्या तिथे.’ माझ्याकडे बघून म्हणाल्या! दुकान आठवतं. सँडल आठवतात. मी चहाचा ट्रे धरून उभी होते, तो तसाच आत परत नेला. त्याच दिवशी ठरवलं मी. त्याच संध्याकाळी ह्यांना हो म्हटलं.

तर आता ऐका माझं. रोज न्यायचं, रोज आणायचं. जाताना काही नाही, जाताना नीट नेणार, व्यायाम होऊ दे. येताना पाय सुजलेला असतो, गुडघा ठणकत असतो, घरी जाऊन कधी एकदा आडवी होते असं झालेलं असतं माणसाला. त्या वेळी मी गाडी थांबवणार. कुठेही. दुकानं काय कमी आहेत? ‘आलेच हं वहिनी, पाच मिनिटांत.’ आणि काचेतून त्यांना मी दिसेन अशीच उभी राहणार. बस, एवढंच. मारणार नाही, तोडणार नाही, अपशब्द नाही. आणि घरी कोणाकडे तक्रार करणार त्या? धाकटी बिचारी रोज नेते-आणते, वाटेत चार वस्तू घेतल्या तर काय बिघडलं?

असं बघू नका. गाडी विकायची आहे ना तुम्हाला?

निळीच बघू परत. या वेळी दार लावून बघते, म्हणजे खरं कळेल. धरा पर्स. हं — आले आत. आता ती पुढची सीट मागे घ्या. आणखी मागे. लावा दार. लावा हो, घट्ट. हं. ठीक आहे. आवाज येतोय का माझा? छान. गरम आहे. चांगलीच गरम आहे. बरं, आता आतून ही सीट दुमडायची कशी? हा इथला खटका ना? हा चालत नाहीये. ओढतेय मी, नुसताच हलतोय. भाऊ, खटका मोडलाय — अहो, कुठे निघालात? फोन नंतर घ्या. अहो भाऊ! तिकडे पाठ करून काय उभे राहिलात — ऐकू येतंय का? काच वाजवतेय मी! इकडे बघा ना. थांब काय? खुणा कसल्या करताय, थांब काय — मला नाही थांबायचं, उघडा, मला जायचंय, लवकर जायचंय मला, ती वाट बघतेय हो — वहिनी, उघडा ना! वहिनी!

हं. हं. नको, पाणी नको. हात नका लावू, बाहेर येते माझी मी. ऊन आहे ना, आत हवाच नाही. काही झालेलं नाही मला. काय म्हणाले मी? काही नाही म्हणाले. तुमचा फोन चालला होता, तुम्हाला काय ऐकू येणार. पर्स द्या माझी. रुमाल कुठे गेला — हा बघा. तुमचा दोष नाही, गिऱ्हाइकाचा फोन घ्यावाच लागतो. आता परत ते चार दारांचं काढू नका! म्हणे तुमच्यासाठी दाखवतो. माझ्यासाठी कशाला? मी पुढे बसणार आहे.

थांबा. त्यांचाच फोन. — हो वहिनी. हो, तिथेच आहे, गाडी बघतेय. सुजलाय? बर्फ लावा ना, फ्रीजमधे करून ठेवलाय मी. नाही हो, त्रास कसला त्यात. माझा आवाज? आवाजाला काही नाही झालेलं, धूळ आहे इथे. वहिनी — वहिनी, रडताय कशाला? माझ्याशिवाय कोण आहे तुम्हाला, हे काय सांगायला हवं? माहितीये मला. रडू नका. उद्यापासून मी आहेच ना. ठेवते.

काय म्हणत होतात तुम्ही? संध्याकाळपर्यंत खटका दुरुस्त करून देता?

नको. तसाच राहू दे. निळीच घेतेय मी. कागद आणा, सही कुठे करायची ते दाखवा, आणि जा — तुमचं दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय.