टेकडीवरचा रानपुदिना

नारीन शहरातल्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या साल्किनच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडलं. नवरा नुकताच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला होता.

“बोल की म्हाताऱ्या, जीव टांगणीला लागलाय!”

“काळीज ठणठणीत! यंदा डोंगरावरून कळप उतरवायला मीच जाणार.”

“अल्ला, पावलास रे!”

“गोळ्या सोडू नका म्हणाले. पण खरी कमाल तुझ्या रानपुदिन्याच्या चहाची, बातमा. उन्हाळाभर रोज टेकडी चढून खुडला मी.”

“खुडलास खरा.”

“काल बघितलं, तोच पुदिना आपल्या घरामागे ओढ्याकाठी माजलाय.”

“माहितेय मला.”

“मग मला टेकडीवर का पिटाळलंस?”

“डॉक्टर चाला म्हणाले, तेव्हा चाललास का?”

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी नीट बसवली. साल्किनने रुमालाआड हसू दाबलं.

“ओढ्याकाठचा कडूच असणार म्हणा.”

“कडूजहर!”