फोर्ड, तिच्या कडीसकट

नाही, हसा तुम्ही! सगळं बिडकीन गाव हसलं, तुम्हीच का मागे राहताय? पण मला एक सांगा, इंजिन असलेल्या गाडीला कुणी बैल जुंपतं का? आमच्याकडे जुंपतात! म्हणजे झालं असं, की पणजोबांनी निजामाच्या एका अधिकाऱ्याकडून १९२८ची फोर्ड घेतली, मिरवली, मग आलं महायुद्ध, पेट्रोल मिळेना, टायर मिळेनात, आणि नेमकं घरात लेकीचं लग्न! पणजोबा म्हणाले, "पुढं कडी ठोका आन् बैल लावा." लावले. नवरी गेली. मग युद्ध संपलं, पेट्रोल आलं, निजामही गेला... बैल काही गेले नाहीत! आमच्या घरची प्रत्येक लेक त्याच गाडीतून, बैलांमागे, वेशीपर्यंत!

आता मी जर्मनीहून मोटारींचं शिक्षण घेऊन आलेला माणूस, मला हे बघवेल का? चुलत बहिणीला, राजनंदिनीला, शब्दच देऊन बसलो, नंदे, इंजिनावर सासरी जाणारी या घरातली पहिली लेक तू! मग काय, तुम्हाला सांगतो, दोन वर्षं त्या गाडीखाली काढली, सीटमधून उंदरांचा संसार निघाला, रेडिएटरमधून गांधीलमाश्यांचा! पण माझं तत्त्व एकच. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल! ऐकतंय कोण? नंदीचे वडील, काकासाहेब, म्हणतात, "खालून निळी लाईट लाव रे, आन् ते रिव्हर्सला गाणं वाजतं, ते." छावणीतले खंडेराव मिस्त्री म्हणतात, "इंजिन फेको ना साब, टेम्पोचं टाकून देतो, मक्खन चालंल!" अहो, ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल! आणि ती पुढची कडी ओरिजिनल नाही म्हणून कापायला गेलो, तर सुरेखाकाकू, नंदीची आई, पदर खोचून आडवी! "तुझ्या दोन्ही आत्या ह्याच कडीवर गेल्या. हात तर लावून दाखव!"

राहिली कडी.

लग्नाच्या दिवशी हँडल मारलं... फट्... फट्... सुरू! आणि बाजूला बघतो तर कडुबामामा, आमचे बैलवाले, झूल घातलेली जोडी घेऊन हजर! म्हटलं, मामा, आज कशाला? "काय नाय, पाव्हणे म्हणून आलेत. पोरीला बघतेन् जातेन."

निघालो! पहिला गियर, दुसरा गियर, माझी छाती ही एवढी, अन् मागून नंदी किंचाळली, "दादा, आई!" आरशात बघतो तर काकू पळतीये... एका हातात चपला, दुसऱ्या हातात लाडवाचा डबा, काहीतरी बोलतीये आणि इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही! तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. लग्नाच्या धांदलीत आईला लेकीशी बोलायला सवड मिळते कुठं? बैल रमतगमत वेशीपर्यंत जातात, तेवढ्यात आई दाराला हात लावून चालते, तेव्हाच काय ते बोलते! आणि मी ते सगळं दीड मिनिटात उरकत होतो हो! तुम्ही काय केलं असतं?

मी किल्ली हळूच फिरवली. इंजिन बंद.

"पडली का बंद!" काकासाहेब गरजले, "जर्मनीचं शिक्षान!" वरात खो-खो हसली. कडुबामामांनी मागून बैल आणून कडीला लावले. काकू दाराला धरून चालायला लागली, "सासू बोलली तर बोलू दे, पर उपाशी निजू नको, आन् केसाला तेल लावत जाय..." नंदी रडत होती, हसत होती, मधेच आरशातून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. मी? स्टेअरिंग धरून, दोन शेपट्या बघत बसलो.

आता गाडी ठणठणीत आहे हे सांगायचं कुणाला? सांगावं तर काकू म्हणणार, माझ्यामुळं पोराची फजिती झाली. म्हणून गप्प बसलो. मी गप्प, तर काकासाहेबांनी माझं नाक राखायला खंडेरावांना बोलावलं! मी जेवत होतो हो, हात धुऊन येतो तर चांगलं चालणारं इंजिन घमेल्यात! "फिकर मत करो साब, फॉल्ट अजून सापडलं नाय, पर सापडंल!" सापडतंय कसलं? नव्हताच ना! आता मात्र ती खरंच सुरू होत नाही.

आणि उन्हाळ्यात नंदीच्या धाकट्या बहिणीचं, संस्कृतीचं, लग्न. कालच कडुबामामा येऊन उभे, घमेल्यात डोकावले, मिशीत हसले, म्हणाले, "मालक, झूल धुऊन ठेवू का?"

म्हटलं, धुवा मामा, धुवा... ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल!