सकाळी सहाला ऑफ

...न्हाई, मी म्हनतो, सरळ ‘सुट्टी झाली’ म्हनायला त्या मॅनेजरचं काय जात हुतं? तुमाला सांगतो, मी हनुमंता, भंडारदऱ्याला हाटेलात आचारी, आन् बायको राजेश्वरी पाथर्डीकडं गावाला, म्हंजी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला! मंगळवारी माझी सुट्टी, म्हनलं न सांगता घरी जाऊ, खूश हुईल... नाष्ट्याची तयारी लावून सहाला निघालो. मोबाईल ऑफ, चार्जिंगच न्हाई. हिनं फोन केला, लागंना, मग हाटेलात लावला. मॅनेजर पडला शिकलेला, गोड आवाजात म्हनतो, “हनुमंत का? ते सकाळी सहालाच ऑफ झाले.”

झालं! हिच्या हातातनं फोनच पडला.

आता तुमीच सांगा, मोटार ऑफ झाली तर बटन दाबून चालू करता येती, दुकानात पन्नास टक्के ऑफ असलं की बाया रांगा लावत्यात, पन मानूस ऑफ झाला म्हंजी? कायमचाच की वो! अक्षरं किती? दोन. ऑ आन् फ!

दुपारी मी पोचलो तर दारात ही गर्दी! म्हनलं, माझी म्हातारी आई तर गेली न्हाई ना? कडंला शेजारचे भिमाजी नाना मान खाली घालून बसल्याले. इचारलं, कोन गेलं? वर न बघताच म्हनले, “आपला हनुमंता. ऑफ झाला सकाळी. लई गुनी पोरगं, कालवन काय करायचं...” तुमाला खरं सांगतो, मला बी रडू फुटलं! जित्तेपनी येवढं कौतुक कुनी केलं हुतं का? आन् माझ्या चुलतभावानं, गोरक्षनं, मला आनायला जीप बी सांगितल्याली... अक्षरं दोन वो, ऑ आन् फ!

पन माझं रडनं हिनं घरातनं बरोबर वळखलं. पळत आली, समद्या गावासमोर हात धरला, सोडंचना. म्हनली, “काई बी करा, पन परत आसं ऑफ होऊ नका.”

मी म्हनलो, “अगं, दर मंगळवारी व्हावं लागतंय.”

चक्करच आली तिला!

जाऊ द्या. जीव भांड्यात पडला, तिचा बी आन् माझा बी. आपल्यामागं कुनीतरी इतकं रडनार हाय, हे बघून लई बरं वाटलं बघा. फकस्त एकच झालंय, आता सुट्टीला घरी झोपलो की ही दर तासाला हलवून इचारती, “अहो, हाय ना?” मी म्हनतो, “हाय.” ती झोपती निवांत... मी हाय वो, झोप तेवढी ऑफ झाली!