हातोडीची नोंद

आजी : तुझे खापरपणजोबा याच कालव्यात जहाज हाकत. त्यांच्यामागे पणजोबा, त्यांच्यामागे तुझे आजोबा. आता सुकाणू तुझ्या हाती आहे. आणि लॉकमध्ये, त्या दोन दरवाजांमधल्या अरुंद हौदात शिरताना भिंतीवर जहाज आपटून तू इथे चहा पीत बसली आहेस!

नात : आपटलं नाही गं, घासलं. भिंतीला फेंडरची रबरी गादी लावतात कशाला? दबली, परत वर आली. ओरखडासुद्धा नाही.

आजी : रबर वर आलं. मागचे बोल्ट?

नात : ते... ठीकच असतील.

आजी : हातोडीने वाजवून पाहिल्याशिवाय ते कळत नाही, हे मी तुला शिकवायचं? लॉकमास्तरांना सांगितलंस?

नात : परवा कप्तानपदाची मुलाखत आहे, आजी. आज नोंद झाली की माझं नाव कटलंच म्हणून समज. आणि कुणी पाहिलंही नाही.

आजी : चार वाजता तेलाचं जहाज आत शिरेल. फेंडर निखळला, तर ते थेट काँक्रीटवर जाईल.

नात : तू ना, एकदम टोकालाच जातेस. आजोबा असते तर म्हणाले असते, गप्प बस.

आजी : म्हणालेच होते. मला.

नात : कधी?

आजी : तेव्हा फेंडर लाकडी होते. धुक्यात ह्यांचं जहाज धडकलं, पाण्याखालची तुळई तडकली. हे बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्याच दुपारी दुसरं जहाज उघड्या दगडावर गेलं आणि एका खलाशाचा पाय गेला. ठपका बसला लॉकमास्तरांवर, सकाळी हातोडी वाजवली नाही म्हणून. त्यांनी वाजवली होती, आमची धडक त्यानंतरची. तरी नोकरी गेली.

नात : म्हणजे आत्ताच्या लॉकमास्तरकाकांचे बाबा? ज्यांना तू दर वर्षी स्वेटर पाठवतेस?

आजी : एकतीस स्वेटर विणले. सोबत एक वाक्य लिहिणं जमलं नाही. फोन लाव. आधी तू बोलायचंस.

(फोन लागतो.)

नात : काका, सकाळी माझं जहाज डाव्या भिंतीच्या तिसऱ्या फेंडरला धडकलं. चांगलं जोरात. तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकले.

लॉकमास्तर : आत्ता तरी बोललीस, पोरी. तेलाचं जहाज बाहेरच थांबवतो. पण नोंद करावी लागेल हं.

नात : करा. थांबा, आजीला बोलायचंय.

आजी : एकतीस वर्षांपूर्वीचीही एक नोंद राहिली आहे. ती तुळई आमच्या जहाजाने तोडली. तुझ्या वडिलांनी त्या सकाळी हातोडी वाजवली होती. माझ्या नावानिशी लिही. सही करायला मी स्वतः येते.

लॉकमास्तर : काकू... बाबा माझा डबा घेऊन आलेत. इथेच बसलेत. ऐकलं त्यांनी.

आजी : काय म्हणतात?

लॉकमास्तर : काठी भिंतीला टेकवून ठेवली, आणि तो तिसरा फेंडर वाजवायला हातोडी मागतायत.