शोभाताईच्या टेलिफोनची तार कापल्याबाबत

नाव: सत्यवती महादेवराव वैरागडे. वय: अंदाजे चौसष्ट. धंदा: घरकाम. शिक्षण: मराठी दुसरी. राहणार: सक्करदरा, नागपूर, मूळ गाव खापा. दिनांक १४ एप्रिल १९८३, दुपारी तीन वाजता.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे यजमान मयत आहेत. मुलगा केशव भिलाईला नोकरीला असून सून शामला तेथेच आहे. आमच्या भिंतीला लागून शोभाताई वामनराव गिरडे राहते. मी तिची मैत्रीण असल्याचे तिने फिर्यादीत लिहून दिले आहे. मी तिची शेजारीण आहे.

केशवचा ट्रंक कॉल अकरा वर्षे शोभाताईच्या घरी येत होता. दर रविवारी सकाळी नऊला. ती भिंतीवर लाटणे ठोकून मला बोलावीत असे. मी पोचेपर्यंत ती त्याच्याशी बोले, आणि पोचल्यावरही बोले. केशव त्या बाईला मावशी म्हणतो. त्याला कावीळ झाली, बढती मिळाली, शामलाला दिवस गेले, हे सर्व मला तिच्याच तोंडून कळले. दिवस गेल्याचे सांगताना तिने माझ्या तोंडात साखर घातली. मी ती गिळली.

सात वर्षे वाट पाहून यंदा फेब्रुवारीत माझा स्वतःचा फोन आला. गल्लीतल्या कोणी हात लावू नये म्हणून सुतार रुपराव यांच्याकडून सागवानी पेटी आधीच करून ठेवली होती. फोन पेटीत, पेटीला कुलूप, चावी माझ्या कमरेला. बाहेरून आलेला फोन यावा, घंटी वाजली की मी उघडावे; इथून मात्र कोणी लावू नये, असा विचार होता. पेटीचे माप शोभाताईच्या फोनवरून, ती चहा ठेवायला आत गेली असता, दोऱ्याने घेतले होते. तिला विचारले नव्हते.

पेटीत ठेवल्यापासून फोन एकदाही वाजला नाही. लाइनमन कवडू तीन वेळा आला. दर वेळी मी फोन पेटीतून काढून, पुसून, स्टुलावर ठेवून दिला. दर वेळी त्याच्या तपासणीची घंटी वाजली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आजी, फोन ठणठणीत हाये. तुमालेच कोणी फोन नाही करून राहिलं, तं मी काय करू?" मी त्याला चहा दिला नाही. तो गेल्यावर फोन पेटीत ठेवून कुलूप लावले.

केशवचे फोन तिच्याकडेच चालू राहिले. मागच्या रविवारी शोभाताई नळावर चार बायांदेखत म्हणाली, "काहून वं बाई, दिवसभर कोणासंग बोलत राह्यता? केशव म्हणते, आईचा फोन सदा एंगेज." मी म्हटले, "तुह्या नवऱ्यासंग." वामनराव तेथेच ओट्यावर दाढी करीत होते. त्यांचा गाल थोडा कापला.

यावरून माझी खात्री झाली की खांबावर तारा बदलून माझे फोन तिने स्वतःकडे वळवले आहेत. काल तिनेच सांगितले की शामलाला दवाखान्यात नेले. नातू की नात, हेही तिनेच मला सांगावे, हे मला चालणार नव्हते.

आज सकाळी साडेआठला भिंतीवरून जाणारी शोभाताईची तार मी अडकित्त्याने कापली. तिचा फोन बंद पडला की माझा वाजेल असा समज होता. मग पेटीसमोर पाट टाकून बसले. साडेअकरापर्यंत बसले. वाजला नाही. चूल पेटवली नाही.

साडेअकराला हवालदार मधुसूदन, कवडू, वामनराव व शोभाताई आले. मी पेटी उघडून सवयीने फोन बाहेर काढू लागले, तेव्हा हवालदार म्हणाले, राहू द्या, आहे तसा दिसू द्या. कवडूने वाकून पाहिले. "आजी, रिसीव्हर तं टेकलाच नाही ना!" माझा फोन नव्या तऱ्हेचा असून त्याचा रिसीव्हर शोभाताईच्यापेक्षा दोन बोटे लांब आहे. पेटीत तो तिरपा बसे व खालची गुंडी दबत नसे; फोन करणाऱ्याला एंगेजच लागे. दोन महिने माझा फोन मीच अडवून ठेवला होता. शोभाताईने विचारले, "माप कोणाच्या फोनाचं घेतलं होतं वं?"

कवडूने फोन स्टुलावर नीट ठेवला. थोड्या वेळाने घंटी वाजली. मला गुडघ्यामुळे उठायला वेळ लागतो. शोभाताईने रिसीव्हर उचलला. "हालो, हो, भिलाई, लावा लावा. केशव? बोल बेटा." ती बोलत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी झाली वं. दोघी बऱ्या हायेत." रिसीव्हर माझ्या हातात दिला. केशव "आई" एवढे म्हणाला आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटे संपली.

तार मी कापली, हे कबूल आहे. अडकित्ता जमा केला आहे. माझ्या घरात, माझ्या फोनवर, पहिले हालो शोभाताईने केले, हेही लिहून घ्यावे. हवालदारांनी सांगितले की तो गुन्हा होत नाही. तरी लिहावे.

हवालदारांनी सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. खाली माझ्या हाताने सही करते.

सत्यवती