कमानीसमोरचा कॅमेरा

बेलवलीला रिक्षाच्या रांगेत सुहासिनीच्या पुढे भेंडीची पाटी घेतलेली गोदू आणि तिच्याच गावचा महिपती उभे होते. सुहासिनीची मान मोबाइलमध्ये होती, कान मात्र पुढे.

"वयनी, आपले आमदार विधानसभेत काय बोलले, बघितलास व्हिडिओ?"

"नाय. काय बोलले?"

"भातशेती, भाजीपाला वाचवा. खेड्यात चोऱ्या वाढल्यात. ग्रामपंचायतींना निधी द्या. एकदम कडक!"

"खरं तेच बोलले. परवा नदीवरची आमची मोटर चोरली. पाण्यावाचून भेंडी सुकत चाललीय."

"पण त्यांच्याच निधीतून गावात कॅमेरा बसला ना?"

"बसला की. नदीच्या वाटेवर बसवा म्हणून मी ग्रामसभेत घसा फोडला. बसवला गावाच्या कमानीसमोर."

"मग चोर येता-जाता दिसला असेल."

"कसा दिसंल? कॅमेऱ्याचं तोंड वर केलंय, कमानीवरच्या आमदारांच्या नावाकडं. मागं त्या नावावर कुणी शेण मारलं होतं ना!"

"तरी सरपंचानं रेकॉर्डिंग दाखवलं का?"

"दाखवलं. म्हणाला, काकी, बघ, नाव सहीसलामत आहे."