सगळ्या गुंड्यांचा हार

रूपराव: हा देश अजूनही सुताच्या धाग्यावर उभा आहे, भागीरथामावशी.

भागीरथा: असंन बाप्पा. पण टोपल्यातलं हे सूत माह्या लुगड्याचं आहे. हात नोको लावू.

रूपराव: उद्या मंत्रीसाहेब वडनेरले येऊन राह्यले. स्वागत सुताच्या हारानंच करा, असा वरून निरोप आहे. मी सरपंच, मले करावं लागते.

भागीरथा: अन् सरपंचाच्या आंगात टेरिकॉट.

रूपराव: उद्या खादीची टोपी घालतो ना. नानाजीची मागून ठेवली.

भागीरथा: ने मंग सुताची एक गुंडी. हाराले तेवढी पुरते.

रूपराव: पुरत नाई. मागच्या साली एका गुंडीचा घातला, तं पेपरातल्या फोटोत दिसलाच नाई. यंदा सगळ्या गुंड्यांचा करू.

भागीरथा: मागच्या सालचा मंत्री दुसऱ्या पक्षाचा होता ना?

रूपराव: हो.

भागीरथा: पक्ष बदलला, सूत माह्याच घरचं लागते.

रूपराव: गावाच्या इज्जतीचा सवाल आहे, मावशी.

भागीरथा: माह्याबी आहे. लेकीच्या, नलूच्या पोराचं बारसं आलं. हे सूत खादी भांडारात देईन, तवा लुगडं भेटंन. या फाटक्यात इहिणीपुढं कशी बसू?

रूपराव: सूत वापस येते ना! साहेब हार घालून घेतात, फोटो होते, काढून पीएच्या हाती देतात. मी पीएच्या बाजूलेच उभा राह्यतो. भारतमातेची शपथ!

भागीरथा: तिची नोको. आपल्या बैलजोडीची घे.

रूपराव: ...बरं. बैलाची.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भागीरथाच्या ओसरीवर.)

भागीरथा: हार?

रूपराव: भाषण काय झालं, मावशी! हार हातात धरून म्हणाले, याच धाग्यानं देश बांधून ठेवला आहे. बायासुद्धा टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या.

भागीरथा: रूपराव, हार.

रूपराव: काढला. पीएले देल्ला. मी बाजूलेच होतो.

भागीरथा: मंग?

रूपराव: नाल्यावरच्या पुलासाठी म्हणून आमी साहेबाच्या गाडीत थोडी वांगी ठेवली. सखूबाईच्या वाडीतली.

भागीरथा: थोडी?

रूपराव: पोतंभर. ते पाहून बंडूजीनं कोबी आणली. मंग डिकीच लागेना. पीए म्हणे, दोरी पाहा. मी पाहाले गेलो.

भागीरथा: अन्?

रूपराव: दोरी घेऊन आलो, तं डिकी बांधून झालती.

भागीरथा: माह्या सुतानं.

रूपराव: सगळ्या गुंड्या होत्या ना. जाड झालता हार.

भागीरथा: पुलाचं काय म्हणे?

रूपराव: पाहतो म्हणे.

भागीरथा: अन् बारशाले मी काय नेसू?

रूपराव: माह्या घरून नेजो एक. बायकोपाशी नायलॉनचं आहे.

भागीरथा: गाडी थांबवून मागाले काय झालतं तुले?

रूपराव: मागच्या जीपमधून हिंगणघाटापरेंत गेलतो, मावशी. सारी वाट त्या गाठीकडंच पाहून राह्यलो होतो.

भागीरथा: सुटली?

रूपराव: नाई. एक वांगं पडलं नाई.